एका सालाचा पट्टा

वैनगंगा दक्षिणेकडे वाहत असता एके ठिकाणी वळसा घेऊन काही अंतर उत्तरवाहिनी होते, आणि पुण्यप्रद मानल्या गेलेल्या त्या वळणावर, आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, मार्कंडा या लहानशा गावी शिल्पांनी आपादमस्तक मढलेल्या देवळांचा समूह उभा आहे. मुख्य देवळाचे शिखर वीज पडून ढासळले, त्याच्या भाराने मंडपाचे छत फुटले आणि पुढे कुणा गोंड राजाने ओबडधोबड आधार देऊन ते सावरून धरले, अशी स्थानिक आठवण पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात येथे आला असता नोंदून ठेवली आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत हजारो माणसे हे छत पाहतात. परंतु ज्या मुलखाने एवढे कोरीव काम पोसले आणि ज्या राजवटीला शतकांनंतर त्याची डागडुजी करण्याइतकी उसंत व ऐपत होती, त्याच मुलखात इ. स. १८१८ च्या सुमारास ओस गावे, तलावांच्या फुटलेल्या पाळी आणि गढीच्या भिंतीआड जीव मुठीत धरून राहणारी रयत एवढेच का उरावे, हा प्रश्न मात्र यात्रेकरूच्या मनात सहसा येत नाही.

या प्रश्नाचे ठरावीक उत्तर पेंढारी हे आहे, आणि ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. पेंढारी येऊन गेल्यावर जळालेले घर एका हंगामात शाकारता येते. जे पुन्हा लवकर उभे राहत नाही ते निराळेच काही असते, आणि त्याचा नाश पेंढाऱ्यांच्या पूर्वीच, नागपूर दरबाराच्या हिशेबाच्या दप्तरात सुरू झाला होता.

ते काय होते, हे समजण्यासाठी या भूमीची शेती समजून घेतली पाहिजे. वरोऱ्याकडचा पश्चिम भाग काळ्या जमिनीचा व ज्वारीचा. परंतु वैनगंगेचे खोरे, म्हणजे ब्रह्मपुरी, गडचिरोली, चामोर्शीचा टापू, हा भाताचा. पाऊस येथे उदंड पडतो. पण तो थांबून थांबून पडतो, आणि आश्विनातल्या एका ओढीने, लोंबी भरण्याच्या ऐन वेळी, उभे पीक वाळून जाते. म्हणून येथील शहाणपण पावसात नव्हे, साठवणीत आहे. दोन टेकाडांमधल्या खोलगटीत मातीची पाळ घालावी, पाणी सोडण्यास तुडूम ठेवावे, जादा पाण्याला सांडवा काढावा आणि पाळीखालच्या बांध्या एकाखाली एक अशा भिजवीत न्याव्यात, ही विद्या कोहळी लोकांनी परमोत्कर्षाला नेली. गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणले असे त्यांची परंपरा सांगते. नवेगावबांधासारख्या सरोवरतुल्य तलावांपासून ते चार बांध्या भिजविणाऱ्या लहानशा बोडीपर्यंत हजारो जलाशय पूर्व विदर्भात या हातांनी घडले. आणि कोणत्याही यंत्रावाचून केवळ डोळ्यांनी उतार ओळखून केलेली ती कामे पाहिली म्हणजे मार्कंड्याच्या शिल्पकारांइतकाच आदर या अनाम बांधणाऱ्यांविषयी वाटल्यावाचून राहत नाही.

आता तलावाचे अर्थशास्त्र असे की, त्यात श्रम आज घालावे लागतात आणि फळ वर्षानुवर्षे हळूहळू मिळते. पाळ नवी असता दोन-तीन पावसाळे ती मुरते, खचते, पुन्हा भर घालावी लागते. त्यानंतरही दरसाल उन्हाळ्यात गाळ काढणे, उंदीर-खेकड्यांनी पोखरलेली भोके बुजविणे, तुडुमाची दुरुस्ती करणे चुकत नाही. असे काम तोच मनुष्य करील, ज्याला आपण व आपली मुले या पाळीखाली भात पिकविणार आहोत याची खात्री आहे. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांना हे बरोबर कळले होते. खांडक्या बल्लाळशहाचा पुत्र हीरशहा याच्याविषयी इंग्रज बंदोबस्त अधिकारी मेजर ल्यूसी स्मिथने परंपरागत माहितीवरून लिहिले आहे की, जंगल तोडून जमीन लागवडीस आणणाऱ्यास त्याने त्या जमिनीचा हक्क दिला, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाने भिजेल तेवढी जमीन इनाम करून दिली. राजाने यासाठी खजिन्यातून दमडी खर्चिली नाही. त्याने दिला तो काळ, पिढ्यांपर्यंत पुरणारी हमी. राज्यकारभाराच्या इतिहासात याहून स्वस्त व याहून फलदायी गुंतवणूक मला ठाऊक नाही.

या धोरणाचे फळ आइन-इ-अकबरीत दिसते. चांद्याचा बाबाजी बल्लाळशहा मोगलांना खंडणी देत नाही, आणि त्याच्यापाशी एक हजार घोडेस्वार व चाळीस हजार पायदळ आहे, असे अबुल फज्लने नमूद केले आहे. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही त्यात उल्लेख आहे. पण चाळीस हजार पायदळ हिऱ्यांवर पोसले जात नसते, ते भातावर पोसले जाते. पुढे राणी हिराईच्या काळात चांद्याला देवळांची शोभा चढली, आणि जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर या चार वेशींच्या तटबंदीत एक संपन्न नगरी नांदत होती.

गोंडांची राजवट रामराज्य होती असे मात्र कोणी समजू नये. शेवटचा राजा नीलकंठशहा (१७३५–१७५१) हा क्रूर होता, त्याने बापाच्या विश्वासातल्या महादोजी वैद्य या दिवाणाला ठार मारविले, आणि मातब्बर मंडळी त्याच्याविरुद्ध गेली, असे परंपरा सांगते. १७४९ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी त्याच्याकडून वसुलाचा दोन-तृतीयांश हिस्सा लिहून घेतला. दोन वर्षांत सारेच राज्य घेतले आणि राजाला बल्लारपूरच्या किल्ल्यात अटकेत ठेवले. पुढे १७७३ च्या सुमारास त्याच्या पुत्राने गोंडांना जमवून बंड केले. ते मोडले गेले. राजघराणे गेले तरी त्याचे नाव रानात चालत होते, एवढे त्यातून दिसते.

भोसल्यांच्या अमलाची पहिली चाळीस वर्षे चांद्यास शांततेची गेली नाहीत. रघूजींच्या मागे जानोजी व मुधोजी यांचा कलह, चांदा मुधोजींच्या वाट्यास गेल्यामुळे त्या कलहात त्याची होणारी ओढाताण, १७६९ साली माधवराव पेशव्यांच्या फौजेने चांद्याला दिलेला वेढा व त्याच साली झालेला कनकापूरचा तह, आणि १७७५ च्या जानेवारीत पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या हातून भाऊ साबाजीचा झालेला अंत, ही मालिका वाचताना वाटते की, मुलूख तेव्हाच उद्ध्वस्त व्हावयास हवा होता. पण तो झाला नाही. फौजा येत, लुटीत, जात. गावे पुन्हा बसत. १७९२ पर्यंत भोसल्यांच्या राज्यात लागवड व वसूल दोन्ही वाढत गेले, कारभार साधा पण बऱ्याच अंशी न्याय्य होता, असा निर्वाळा पुढच्या इंग्रज गॅझेटियरकारांनीही दिला आहे, आणि तो त्यांच्या स्वार्थाच्या विरुद्ध असल्यामुळे मला विशेष विश्वसनीय वाटतो. याचे कारण असे की, पाटलाशी होणारा ठराव सालोसालचा असला, तरी नेमलेली रक्कम भरणाऱ्या पाटलाला काढून लावण्याची रीत नव्हती. कागदावर मुदत एक साल; व्यवहारात ती बापाकडून मुलाकडे जाई. जुन्या ऐनजम्याला, म्हणजे मूळ ठरलेल्या वसुलाला, धरून आकार होई, परगण्याचा कमाविसदार गावाची नड जाणत असे, आणि वाईट सालात सूट मागण्याची सोय होती. तलाव या अलिखित विश्वासावर उभे होते.

तो विश्वास १८०३ साली मोडला. २९ नोव्हेंबरला इंग्रजांशी झालेली आडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगडाचा पाडाव आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह, अशा एकोणीस दिवसांत दुसऱ्या रघूजींनी कटक, बालेश्वर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड गमावला. राज्याचा सुमारे एक-तृतीयांश भाग गेला. फौज, दरबार, आश्रित, कर्ज हे सगळे मात्र पहिल्याइतकेच राहिले. राज्य लहान झाले म्हणून खर्च लहान करणे हा एक मार्ग होता. उरलेल्या दोन हिश्श्यांतून तिन्ही हिश्श्यांचा वसूल काढणे हा दुसरा. रघूजींनी दुसरा मार्ग धरला. चांदा हा त्या उरलेल्या मुलखातलाच प्रांत; तो त्यांचे बंधू व्यंकोजी यांच्याकडे होता. रघूजींनी फौजेच्या बाजारात स्वतःची दुकाने मांडली, शिपायांचा पगार तुंबवून ठेवला, नव्या नव्या पट्ट्या बसविल्या, आणि वर्षाअखेर तूट आली म्हणजे श्रीमंताच्या संशयित घरावर हात घातला. लोकांनी त्यांना ‘बडा बनिया’ असे नाव ठेवले. या सर्वांत लोकांच्या तोंडी दुकाने व लूट राहिली. खरा घाव मात्र गावाच्या वसुलाच्या पट्ट्यावर पडला होता, आणि तो बिनआवाजाचा असल्यामुळे कुणाच्या कथेत आला नाही.

गावाचा पट्टा आता जो अधिक बोलेल त्याला मिळू लागला, आणि तोही खरोखरच एका सालापुरता. याचा परिणाम पाळीखालच्या एखाद्या गावी कसा होत असेल ते क्रमाने पाहावे. जुना पाटील आठशे रुपये भरीत होता असे समजा. कसब्यातला कोणी सावकार हजार बोलला आणि गाव त्याला गेले. त्याला ते हजार आणि वर आपला नफा एका वर्षात काढावयाचा आहे, कारण पुढच्या साली कुणी अकराशे बोलेल. तो गाळ काढील काय? गाळ काढण्याचे पैसे त्याचे आणि वाढलेले पीक दुसऱ्याचे. तो कुळाला बियाण्याची तगाई देईल काय? ती वसूल होण्यापूर्वीच त्याचा अंमल संपेल. उलट, बियाण्यासाठी ठेवलेले धान, कुळाचे बैल, घराचे सागाचे सर, जे काही रोकडीत बदलता येईल ते बदलून घेणे यातच त्याचा हिशेब जुळतो. दुसऱ्या वर्षी तुडुमाजवळून पाणी झिरपू लागते, तिसऱ्या वर्षी ते कोणी पाहत नाही, चौथ्या वर्षी श्रावणातल्या एका रात्री पाळ फुटते. रोवण्याचे भात संपले. आता आवत्या, म्हणजे रोवणीवाचून थेट, पेरून जे येईल ते. वसूल आपोआप कमी झाला, आणि दरबाराने ती तूट भरून काढण्यासाठी शेजारच्या गावाची बोली वाढविली. (आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, रीत मात्र खरी आहे.)

हे केवळ भोसल्यांच्या दुष्टपणाने घडले असे म्हणणे उथळपणाचे होईल. त्या युगात जेथे जेथे राजांना फौजेसाठी रोकड हवी होती आणि ती गोळा करण्यास नोकरवर्ग पुरेसा नव्हता, तेथे तेथे इजाऱ्याची, म्हणजे वसूल मक्त्याने देण्याची, पद्धत आली. फ्रान्सच्या राजाने अप्रत्यक्ष करांचे इजारे कंत्राटदारांच्या मंडळास दिले. त्या जुलमाची कहाणी सर्वश्रुत आहे, पण तेथेही इजाऱ्याची मुदत सहा वर्षांची असे. तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांचे उदाहरण तर आमच्या विषयाला अगदी लागू पडते. अल्प मुदतीचे इजारदार रयतेला नागवून मुलूख ओस पाडतात हे अनुभवास आल्यावर, १६९५ साली, युद्धाने खजिना रिता झालेला असतानाच, त्यांनी कित्येक इजारे आगाऊ रक्कम घेऊन हयातभरासाठी देण्याची प्रथा सुरू केली. रोकडही मिळाली आणि इजारदाराला रयत जगविण्यात स्वार्थ उत्पन्न झाला. तिचे पुढे निराळे दोष दिसले. पण रोगाचे निदान अचूक होते. नागपूरच्या दरबाराला नेमके हेच निदान झाले नाही, किंवा झाले तरी थांबण्याइतकी सवड नव्हती, कारण रोहिल्या-अरबांच्या पथकांचा तगादा दारात बसलेला होता.

पगार थकलेल्या फौजेने आपला पगार रयतेकडूनच घेतला. मागोमाग पेंढारी आले. १८११ साली ते खुद्द नागपूरपर्यंत येऊन भिडले आणि त्यांनी शहराच्या उपवस्त्या जाळल्या; राजधानीची ही अवस्था, मग वैनगंगेकाठच्या खेड्याची दाद कोणी घ्यावी? गावोगावच्या मातीच्या गढ्या बहुतांशी याच काळातल्या आहेत. धूळ उडताना दिसली की गुरे-माणसे आत घ्यावयाची, दरवाजा बंद करावयाचा आणि बाहेरचे सर्व गेले असे धरून केवळ प्राणांसाठी लढावयाचे. विदर्भातल्या आजच्या पिढीला गढी म्हणजे पाटलाच्या वैभवाची खूण वाटते. ज्यांनी ती माती वाहिली त्यांच्या मनात वैभवाचा विचार असणे शक्य नव्हते.

अशा स्थितीत रयतेने बंड का केले नाही, असे विचारण्यात येते. तिने केले, परंतु त्या बंडाला झेंडा नव्हता, म्हणून बखरीत त्याची नोंद झाली नाही. फ्रान्समध्ये १६३९ साली नॉर्मंडीचे शेतकरी मिठाच्या करावरून उठले, कारण त्यांना पळून जाण्यास दुसरी जमीन नव्हती. चांद्याच्या कुणब्याजवळ मात्र रान होते. जमीन उदंड आणि माणसे थोडी अशा मुलखात रयतेचे सर्वांत तीक्ष्ण शस्त्र म्हणजे परागंदा होणे. रात्रीतून गाडी जुंपावी, पूर्वेकडच्या जमीनदाऱ्यांत शिरावे किंवा वर्धा ओलांडून निजामाच्या मुलखात जावे. सकाळी वसुलाचा शिपाई येई तेव्हा त्याला रिकामी घरे भेटत. पलीकडेही सुख होते असे नाही, पेंढारी तेथेही होते. पण मागची बाकी निदान नदीच्या अलीकडे राही. ज्या गावातून दहा कुटुंबे गेली, त्यांचा आकार उरलेल्या वीसांवर पडे, म्हणून तीही जात.

पूर्वेकडच्या जमीनदाऱ्या हा या कथेतला निराळाच अध्याय आहे. अहेरी ही सर्वांत विस्तीर्ण. तिच्याखेरीज उत्तरेकडे लहानमोठ्या गोंड जमीनदारांची रांगच होती. ते भोसल्यांना टाकोळी म्हणून नाममात्र रक्कम देत आणि आपल्या रानात बव्हंशी स्वतंत्र असत. दरबाराची सत्ता दुबळी होताच तेथील टोळ्या मैदानातल्या खेड्यांवर उतरू लागल्या. त्यांना लुटारू म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ज्यांचा राजा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवला गेला त्यांच्या नातवंडांना नागपूरच्या कमाविसदाराविषयी ममत्व का वाटावे, याचाही विचार करावयास हवा. दुःख एवढेच की, त्यांचा हल्ला कमाविसदारावर न पडता त्याच कमाविसदाराने नागविलेल्या कुणब्या-कोहळ्यावर पडत असे.

रघूजी २२ मार्च १८१६ रोजी वारले. त्यांचा दुर्बल पुत्र परसोजी पुढच्या १ फेब्रुवारीच्या रात्री मारला गेला, तेव्हा त्याचा चुलतभाऊ अप्पासाहेब चांद्यात होता. १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेबाच्या फौजेची इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या कर्नल अॅडम्सने चांद्याला वेढा घातला, आणि २० मे रोजी तटाला खिंडार पाडून शहर घेतले. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. त्याच्या शौर्याविषयी दुमत नाही. परंतु ज्या मुलखाच्या रक्षणासाठी तो लढला, तो मुलूख त्या वेढ्यापूर्वीच आतून रिता झालेला होता, हे विसरून चांद्याचा पाडाव केवळ तोफांच्या हिशेबात सांगता येत नाही.

यापुढची साक्ष विशेष महत्त्वाची आहे. अल्पवयी तिसऱ्या रघूजींच्या नावाने १८३० पर्यंत इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने व त्याच्या मागून आलेल्यांनी कारभार पाहिला. चांद्यावर सुपरिंटेंडेंट म्हणून कॅप्टन क्रॉफर्ड होता. जेंकिन्सचा १८२७ चा अहवाल हा आमच्या ज्ञानाचा मोठा आधार, आणि ज्या सरकारने राज्य आपल्या कह्यात घेतले त्याचाच अधिकारी पूर्वीच्या राजाचे दोष सांगतो आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचला पाहिजे. तरीही त्यांनी काय केले ते बोलके आहे: वाढीव पट्ट्या सोडल्या, आकार उतरविला आणि एका सालाऐवजी काही सालांच्या मुदतीने पट्टे दिले. जमीन तीच, पाऊस तोच, माणसेही तीच. आणि लागवड पुन्हा वाढू लागली. पळालेल्यांपैकी काही परतले. फुटलेल्या सगळ्याच पाळी मात्र पुन्हा बांधल्या गेल्या नाहीत. जुन्या चांदा जिल्ह्याच्या रानात हिंडताना दाट झाडीने वेढलेली, मध्येच तुटलेली मातीची लांब वरंडी आढळते, ती बहुधा अशीच एखादी पाळ असते.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. चार वर्षांनी जमीनदाऱ्यांत आग पेटली. मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके याने मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा लुटला, अडपल्ली-घोटचा व्यंकटराव त्याला मिळाला, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबूरावाला फाशी देण्यात आली. मैदानी भागातला कुणबी या उठावात मोठ्या संख्येने उतरला नाही. इंग्रजांवरील प्रीती हे त्याचे कारण नव्हे; रानाचा आणि बांधीचा जुना दुरावा एका पिढीत मिटण्याजोगा नव्हता.

त्यानंतरच्या जमाबंदीत, म्हणजे ल्यूसी स्मिथने १८६९ साली ज्याचा अहवाल सादर केला त्या बंदोबस्तात, गावाचे पाटील मालगुजार म्हणून मालक ठरले आणि हीरशहाने दिली होती त्या जातीची हमी पुन्हा कागदावर आली. तलावांना दुसरा बहर आला. आज ज्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात त्यांतले कित्येक याच काळात नव्याने बांधले वा सावरले गेले. पण या हमीत एक मोठी त्रुटी राहिली. हीरशहाच्या सनदेत जमीन पाळ घालणाऱ्याला मिळत असे. आता ती बऱ्याच ठिकाणी १८६० च्या दशकात पट्टा ज्याच्या नावे होता त्याला मिळाली, मग तो गावचा जुना पाटील असो वा बोलीने आलेला सावकार असो. काही जुन्या कुळांचे हक्क बंदोबस्तात नोंदले गेले. बाकीच्यांना, ज्यांच्या आजोबांनी टोपल्या वाहून ती पाळ उचलली होती त्यांनाही, जमिनीवरून सहजासहजी उठविता येऊ नये यासाठी मध्य प्रांतात १८८३ चा कुळकायदा होईपर्यंत थांबावे लागले.